महागातला आवाज

दुपारचे तीन वाजून गेलेत. शांतिनाथ मगदूम सतरंजीवर आडवा झालाय, नुसती पाठ टेकायला. झोपायचं नाही असं त्यानं स्वतःला बजावलंय, कारण पाचला त्याची शिष्या तृप्ती वाजवायला येणार आहे आणि तिच्या आधी माईक लावून व्हायला हवा. खोलीच्या भिंतीला लागून कारखाना आहे. तिथं चोवीस माग खडखडतायत आणि त्या खडखडीनं खिडकीची काच, तांब्यातलं पाणी, सतरंजीखालची फरशी, सगळं बारीक थरथरतंय. इचलकरंजीत जन्मलेल्या माणसाला या आवाजाचं काही वाटत नाही. उलट तो थांबला की दचकायला होतं.

खोलीत पाच गिटारी आहेत आणि तीन ॲम्प्लिफायर. शांतिनाथ मुलांना गिटार शिकवतो आणि दर आठवड्याला एक व्हिडिओ टाकतो. कुठल्यातरी गाजलेल्या वादकाचा आवाज घ्यायचा आणि तो तीन तऱ्हांनी काढून दाखवायचा: स्वस्तातला, मधला आणि महागातला. स्वस्तातला म्हणजे शिकाऊ पोराच्या हातातली गिटार आणि बॅटरीवर चालणारा मुठीएवढा ॲम्प. मधल्यात जरा बरी गिटार, पायानं आवाज बदलायची दोन पेडल. महागातला म्हणजे ज्याची नुसती नावं वाचून पोरं उसासे टाकतात ते सामान. लोकांनी डोळे मिटून ऐकायचं आणि ओळखायचं. निम्म्यांहून जास्त लोक चुकतात, आणि त्यातच सगळी गंमत आहे.

या आठवड्यात एका डावखुऱ्या परदेशी वादकाचा आवाज आहे. जळका, फाटका, तरी गोड. त्यासाठी कोल्हापूरच्या एका स्टुडिओवाल्याकडून शांतिनाथनं जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प दोन दिवसांसाठी आणलाय. आवाज असा की अंगावर काटा यावा. पण चालू केला की मागून एक घुंऽऽ येतं. शेजारी एवढी यंत्रं चालू असल्यावर यायचंच. सकाळपासून त्यानं वायरी बदलल्या, प्लगची जागा बदलली, ॲम्प फिरवून ठेवला. घुंऽऽ काही जाईना. शेवटी जेवण झाल्यावर त्यानं प्लग उघडला, अर्थिंगची हिरवी वायर सोडवली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि प्लग पुन्हा बंद केला.

आवाज स्वच्छ झाला. प्लगकडे मात्र त्यानं पुन्हा बघितलं नाही.

दहा मिनिटांचं तर काम आहे, तो स्वतःशी म्हणतो. फरशी कोरडी आहे. पोरीला चप्पल घालूनच वाजवायला सांगू.

डोळे मिटतात. माग थोडे लांब जातात. आणखी लांब. मग ती खडखड राहत नाही, टाळ्या होतात, मांडवाबाहेरून ऐकू याव्यात तशा. कुणीतरी पायाशी बसलंय आणि हाताच्या पंज्यापासून कोपरापर्यंत वायर गुंडाळतंय. एक वेढा, दुसरा वेढा. वायर गुंडाळायची ही पद्धत शांतिनाथ ओळखतो. त्याला शिकवली तीच.

"झोपलास व्हय रं, शांत्या?"

"नाही, भाई. पडलोय जरा."

"पड की. कोण नको म्हणतंय?"

सिकंदर जमादार. ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचे ते सिकंदरभाई. अंगात जांभळा झुळझुळीत शर्ट आहे, कार्यक्रमाचा. केसाला तेल. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली, हे शांतिनाथला पक्कं माहीत आहे. तो मयतीला होता. माती द्यायलाही गेला होता. पण हे त्यांच्यासमोर बोलून कसं दाखवायचं? उठावं म्हटलं तर सतरंजी पाठीला चिकटलीय.

"नवीन ॲम्प आणलास म्हणं," भाई म्हणतात. वर बघत नाहीत. "हूं करत न्हाई का त्यो?"

"करत होता. आता नाही करत."

"काय केलंस?"

शांतिनाथ गप्प बसतो. वायर संपत नाही. दाराखालून येतच राहते, काळी, ओली, आणि भाई गुंडाळतच राहतात.

"चल," ते म्हणतात.

दोघं मागांच्या मधल्या बोळातून चाललेत. माग चालू आहेत पण आवाज नाही. धोटे इकडून तिकडे पळतायत. बीमच्या रुळावर सूत नाही, तारा आहेत, गिटारच्या, हजारो, ताणलेल्या. पुढं कापड नाही, नुसता काळा उजेड विणून खाली पडतोय. एकही कामगार दिसत नाही. भाई चालता चालता तारांवरून नख ओढतात आणि शांतिनाथच्या दातांना झिणझिण्या येतात.

"तुला याद हाय का, माझा पयला डब्बा?"

याद आहे. भाईंनी रेडिओचा जुना स्पीकर एका लाकडी खोक्यात बसवला होता आणि त्याच्या कागदाला दाढीच्या ब्लेडनं चिरा पाडल्या होत्या. परदेशी रेकॉर्डवर गिटार फाटल्यासारखी वाजते, ती कशानं फाटते हे तेव्हा इथं कुणाला ठाऊक नव्हतं. भाई म्हणाले होते, फाटल्यासारखी वाजती न्हवं? मग फाडू या की! आणि खरंच तसा आवाज आला होता. सव्वीस वर्षांचा शांतिनाथ तेव्हा त्यांच्या शेजारी उभा राहून साथीची गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्रातल्या वायरी जोडायचं कामही त्याच्याकडे, कारण त्यानं आयटीआय केलं होतं. वायरमनचं.

"याद आहे, भाई."

"वाजीव. मी डोळं झाकून वळखतो. बघू चुकतोय का."

आता ते पाण्याच्या टाकीत आहेत, सिमेंटच्या, कोरड्या. इथं आवाज घुमतो म्हणून भाई कधीकाळी ॲम्प टाकीत सोडून वाजवायचे. वर गोल भोक आहे आणि त्यातून दुपारचं ऊन एका खांबासारखं खाली आलंय. शांतिनाथच्या गळ्यात गिटार आहे. कधी आली कळलं नाही. तो एक सूर ओढतो. तार वर वर जाते, रडवेली होते, फाटते.

"स्वस्तातला," भाई म्हणतात. डोळे मिटलेलेच. "ह्यो माझा हाय. खोकं, रेडिओ आन ब्लेड. बराबर?"

"बरोबर."

"म्होरला."

शांतिनाथ पुन्हा तोच सूर ओढतो. या वेळी तो गोल येतो, गुळगुळीत, कुठंही न खुपणारा.

"मधला. ह्यो तुझा." भाई जरा हसतात. "चांगला हाय. कुणाचाबी वाटतोय. आता महागातला काढ."

"महागातला ॲम्प वर राहिला, भाई. घेऊन येतो."

तो वळतो. शिडी नाही. वरचं भोक आता रुपयाएवढं झालंय.

"ॲम्पचं न्हाई म्हनत मी," भाई पाठीमागून म्हणतात. "माझा शेवटचा आवाज काढ. त्यो तू ऐकलाईस. सगळ्यांत महाग त्योच हाय, शांत्या. कितीला पडला, तुला म्हाईत हाय."

शांतिनाथ पुन्हा वरच्या भोकाकडे बघतो. "मला नाही आठवत," तो म्हणतो.

"मग चल, बघून येऊ."

"नको, भाई."

"लांब न्हाई."

लांब नाहीच. टाकीची भिंत संपते तिथं स्टेजच्या फळ्या लागतात. नदीकाठचं गाव, गणपतीचा सातवा दिवस. धूळ उडू नये म्हणून पोरांनी बादल्यांनी पाणी मारलंय आणि फळ्यासुद्धा ओल्या आहेत. समोर खुर्च्या मांडल्यात पार नदीपर्यंत, आणि प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी बसलंय, मान खाली घालून. भाई अनवाणी आहेत. कार्यक्रमाआधी ते चप्पल काढून स्टेजला हात लावायचे, कपाळाला लावायचे. कधी चुकले नाहीत.

शांतिनाथला पुढचं सगळं ठाऊक आहे. त्या दिवशीही ॲम्प घुंऽऽ करत होता. गायिका वैतागली होती. मंडळाचा अध्यक्ष दोनदा येऊन गेला होता. आणि शांतिनाथनं, कुणाला न विचारता, पडद्यामागं जाऊन प्लग उघडला होता आणि हिरवी वायर काढून टाकली होती. घुंऽऽ थांबलं होतं. भाईंनी मागं वळून अंगठा दाखवला होता, वा रे पठ्ठ्या म्हणून. चार गाणी झाली. पाचव्याच्या आधी भाई, डाव्या हातात तारा धरलेल्याच, दोन शब्द बोलायला माईकपाशी गेले. ॲम्पच्या पत्र्यात कुठूनतरी वीज उतरली होती. तिला जमिनीत जायला वाट राहिली नव्हती. ती तारांमध्ये थांबली होती. ओठ माईकला लागले आणि तिला वाट मिळाली.

लोक म्हणाले, हार्ट. डॉक्टरांनीही तेच लिहिलं. भाईंचं वय बावन्न, विडी होतीच. सगळे भाईंभोवती धावले तेव्हा शांतिनाथ पडद्यामागं गेला होता. त्यानं हिरवी वायर होती तशी पुन्हा जोडली होती आणि मग बाहेर येऊन सगळ्यांसारखा रडला होता. भाईंच्या बायकोला, राबियावहिनींना, त्यानं आजवर सांगितलेलं नाही. स्वतःच्या बायकोला नाही. कुणालाच नाही.

"जोडलीस मागनं," भाई म्हणतात.

त्यांचा आवाज आता फार जवळून येतोय, कानाच्या पाळीशी. शांतिनाथ वळून बघत नाही.

"भाई, मला माहीत नव्हतं असं होईल."

"आयटीआय झालतं तुझं."

शांतिनाथ ओल्या फळ्यांकडे बघतो.

"मी त्येच्यासाटी आलो न्हाई," भाई म्हणतात. "माझं झालं. वाजीव."

"नाही वाजवत."

"हात बघ."

शांतिनाथ बघतो. त्याचा डावा हात गिटारच्या मानेवर आवळलाय. बोटं तारांवर गच्च बसलीत, पांढरी पडलीत, आणि तो ती उचलू शकत नाही. जोर लावतो. खांद्यापर्यंत कळ येते. बोटं आणखीच आवळतात, दुसऱ्याच कुणीतरी मूठ बंद करावी तशी.

"सुटत न्हाई न्हवं?" भाई म्हणतात, अगदी मायेनं. "मलाबी सुटलं न्हवतं. लोकास्नी वाटलं मी सूर धरलाय."

आणि मग तो आवाज येतो. गिटारमधून नव्हे, फळ्यांमधून, तळपायांतून. एक लांबच लांब सूर, वरही न जाणारा आणि खालीही न येणारा. बावीस वर्षं शांतिनाथनं तो कुठल्याच ॲम्पमधून ऐकला नव्हता, आणि आता कळतं की प्रत्येक ॲम्प चालू करताना त्याचे कान त्याचीच भीती धरून बसलेले असतात. खुर्च्यांवरची माणसं माना वर करतात. त्यांना वाटतं, वाजवतोय. ती टाळ्या वाजवू लागतात.

"आरं, ती बघ कोण," भाई म्हणतात.

स्टेजच्या दुसऱ्या टोकाकडून एक मुलगी येतेय. पिवळा कुर्ता, गळ्यात गिटार, पट्टा जरा ढिला. तृप्ती. पायात चप्पल नाही. ती स्वतःशी काहीतरी गुणगुणत, ओल्या फळ्यांवरून सावकाश माईककडे चाललीय, मध्येच थांबून तार पिळतेय, पुन्हा चालतेय.

"तृप्ती!" शांतिनाथ ओरडतो.

त्याच्या तोंडातून शब्द येत नाही. तो सूरच येतो. ती हसून मान डोलावते. सर छान वाजवतायत असं तिला वाटतं.

"तृप्ती, लांब हो!"

सूर. नुसता सूर. टाळ्या वाढतात.

"भाई, तिला सांगा!"

"माझं तिला कसं ऐकू जाणार? मी काय हाय का हितं?" भाई आता समोर उभे आहेत, माईकच्या पलीकडे, आणि पहिल्यांदा त्यांचे डोळे दिसतात. त्या डोळ्यांत राग नाही. राग असता तर शांतिनाथ इतका घाबरला नसता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी साथीदाराकडे बघावं, तू तयार आहेस ना म्हणून, तसं ते बघतायत. "माईकमधनं सांग. तुझं सगळ्यास्नी ऐकू जाईल."

"त्यात करंट आहे."

"हाय की."

तृप्ती चार पावलांवर आहे. तीन.

"काय सांगू?"

"काय केलंस त्ये सांग. म्या इचारलं तवा बोलला न्हाईस."

डावा हात तारांना जखडलेला. अंग जड, ओल्या पोत्यासारखं. शांतिनाथ माईककडे वाकतो. ती गोल जाळी जवळ येते, मोठी होते, जाळीच्या प्रत्येक भोकात बारीक निळं काहीतरी वळवळतंय. तृप्तीही पलीकडून वाकतेय, हसऱ्या चेहऱ्यानं. तिच्या आधी पोचायला हवं. तो तोंड उघडतो.

"वायर मी..."

ओठ टेकतात.

पांढरं.

*

माग खडखडतायत. खिडकीची काच थरथरतेय. शांतिनाथचे डोळे उघडे आहेत आणि छत दिसतंय, पण डावा हात अजून मूठ आवळून पडलाय. उजव्या हातानं त्याला एकेक बोट उघडावं लागतं.

"उठलात, सर?"

तृप्ती खोलीत आहे. कोपऱ्यात, व्हॉल्व्हच्या ॲम्पशेजारी. गळ्यात गिटार, पट्टा जरा ढिला. चपला उंबऱ्यापाशी काढलेल्या. नेहमी काढते, वाद्यांच्या खोलीत ती चपला घालून कधीच येत नाही.

"लवकर आले. तुम्ही झोपला होता म्हणून उठवलं नाही," ती म्हणते. "माईक पण मीच लावला. लादी पुसून घेतली जरा, व्हिडिओत धूळ दिसायची. काय आवाज आहे हो याचा, सर! आणि घुं पण नाही."

ॲम्पचा लाल दिवा लागलेला आहे. फरशी ओली चमकतेय. तृप्तीचा डावा हात तारांवर आहे आणि ती माईककडे वाकते.

"चेक, सर?"

"हात लावू नको!"

या वेळी शब्द येतात. इतके जोरात येतात की तृप्ती दोन पावलं मागं सरते आणि भिंतीला धडकते. शांतिनाथ सतरंजीवरून तसाच गुडघ्यांवर पुढं झेपावतो, भिंतीवरचं बटण बंद करतो आणि मग प्लग ओढून काढतो. लाल दिवा विझतो. व्हॉल्व्ह हळूहळू काळे पडतात. तो प्लग छातीशी धरून ओल्या फरशीवर बसून राहतो.

"काय झालं, सर?" पोरगी घाबरलीय. "माझं काही चुकलं का?"

"नाही. तुझं नाही."

"मग?"

"गिटार काढून ठेव. बाजूला ये. चप्पल घाल आधी."

ती मुकाट्यानं तसं करते. चपला घालून दारात उभी राहते, आत यावं की जावं हे न कळून. शेजारी एक माग थांबतो, बाकीचे चालू राहतात.

"ह्या ॲम्पचं अर्थिंग काढलं होतं," शांतिनाथ म्हणतो. "मी काढलं. तू माईकला तोंड लावलं असतंस तर मेली असतीस."

तृप्ती ॲम्पकडे बघते, माईककडे बघते. तिचा हात आपोआप तोंडाकडे जातो. पुढं बोलायचं ते शांतिनाथच्या घशात आलेलं आहे. बावीस वर्षं ते तिथवर येऊन परत जात होतं.

"आधीही एकदा काढलं होतं," तो म्हणतो.

"कधी, सर?"

तो सांगायला तोंड उघडतो आणि कळवळून थांबतो. खालच्या ओठावर काहीतरी चरचरून ताणलं गेलंय. तृप्ती एक पाऊल पुढं येते, वाकून बघते आणि तिचा चेहरा बदलतो.

"सर, ओठाला काय झालं तुमच्या? भाजलंय हो."

शांतिनाथ बोट लावतो. ओठाच्या मधोमध, टपोरा, पाण्यानं भरलेला फोड आहे. अजून गरम.